लाल पट्टी

मटार आला. मझौलीकडून पोती भरभरून येऊन राहिली आहेत आणि जबलपुरात अधारतालच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी हिरवे ढीग लागले आहेत. लोक ढिगात हात घालतात, शेंग फोडतात, दोन दाणे तोंडात टाकतात, उरलेलं फेकतात. साऱ्या गावाला या दिवसांत आनंद होतो. मला शिसारी येते.

लोकांना वाटतं म्हाताऱ्याची बायको गेली म्हणून याला काही गोड लागत नाही. तेही आहेच. शांता आश्विनात गेली. चाळीस-पंचेचाळीस हिवाळे तिनं अंगणात बसून मटार सोलला आणि हा पहिला हिवाळा की ती नाही. पण माझी शिसारी जुनी आहे. ती मटाराची नाही, माझी मलाच आहे. मी चौथी शिकलेला माणूस. कारखान्यात जन्म गेला, लिहिणं आपलं काम नाही. पण तोंडानं जे बोलता आलं नाही ते कागदावर तरी उतरेल का पाहतो.

मटार सोलताना एक गोष्ट होते, सोलणाऱ्यालाच माहीत. वरून शेंग हिरवीगार, तुकतुकीत. अंगठ्यानं दाबली की फटकन उघडते आणि आत लठ्ठ हिरवी अळी. दाणे खाऊन, तिथंच घाण करून, आरामात पडलेली. बोटाला लागते, लिबलिबीत. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. माझ्याकडे पाहूनही कुणाला कळत नव्हतं. इस्त्रीचा शर्ट, सायकल, कारखान्याचा बिल्ला, मंडळाच्या गणपतीत पहिल्या रांगेत खुर्ची.

गेल्या रविवारी माझी मुलगी कुंदा मटाराची थैली घेऊन आली. सोबत तिची जुई, बारा वर्षांची. पोरगी आली ती न्हाणीघरात घुसली आणि बाहेर आली तर तोंडाला काहीतरी फासलेलं, भिंतीला चुना मारावा तसं.

"हे काय गं?"

"क्रीम आहे नाना. टीव्हीवर दाखवतात ना."

"काहून पण?"

ती आईमागे सरकली. कुंदानं सांगितलं. शाळेत वार्षिक कार्यक्रम आहे, नाचात जुईला मागच्या रांगेत टाकलं. कुणी म्हणालं, गोऱ्या मुली पुढे चांगल्या दिसतात. तेव्हापासून पोरगी नाचात जायलाच तयार नाही. नाचते चांगली. पण आता म्हणते, मला नाचच आवडत नाही.

मी उठलो, अंगणात गेलो आणि थुंकलो. तोंडात काही नव्हतं तरी थुंकलो. जुईच्या शाळेवर थुंकलो असं कुंदाला वाटलं असेल.

या आपल्या लोकांना पोरींकडे पाहण्याचा रोग आहे. आम्ही जबलपूरचे मराठी लोक तसे थोडे. कुणी तोफखान्यात, कुणी रेल्वेत, कुणी ऑफिसात. थोडे असल्यामुळे कुणाच्या घरी किती पोरी, कोणती कशी, हे सगळ्यांना पाठ. संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणायला हळदीकुंकू. बाया वाणाकडे कमी आणि दारात उभ्या पोरींकडे जास्त पाहत. घरी जाऊन नागपूरला पत्र. अमक्यांची थोरली उजळ आहे, धाकटी सावळी, तिसरी नाकात मार खाते. पोरगी नऊ वर्षांची असो की एकोणीस. तिला माहीतही नसे की तिच्याबद्दलचं कार्ड पोस्टाच्या डब्यात पडलं आहे.

या कामात माझी बहीण आक्का सगळ्यांत पुढे. ती कटनीहून यायची. पोरीची हनुवटी दोन बोटांत धरायची, तोंड उजेडाकडे फिरवायची, आपण वांगं फिरवून पाहतो ना, तसं. मग ओठ मुडपायची. काही बोलायची नाही. तिचं ते न बोलणं बोलण्यापेक्षा घाण असायचं. आणि पोरगी माझीच असली तरी मी, सख्खा बाप, बाजूला उभा राहून हसायचो. पाहुण्यांपुढे हसावं लागते म्हणून नाही. मला खरंच हसू यायचं.

आता बांगलादेशच्या लढाईचा हिवाळा सांगतो.

थंडी कडक होती. सकाळी भोंगा वाजला की धुक्यातून सायकलीच सायकली निघत, माणसं दिसत नसत, नुसत्या घंट्या ऐकू येत. लढाई लागली तसा कारखाना फुगला. रविवार गेला, सुट्टी गेली, ओव्हरटाइम आला. क्वार्टरांच्या काचांवर आम्ही खळ लावून वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या, वरून ब्लॅकआउटसाठी काळा कागद. दिवसाही घरात तिन्हीसांजेसारखं. आणि त्या काळोख्या घराच्या मागे अंगणात मात्र झकास ऊन, आणि उन्हात मटाराचे ढीग. त्या वर्षी मटार इतका आला होता की गाईसुद्धा टरफलांना तोंड लावेनात.

मी तपासणीत होतो. पितळेचे लहान लहान नग टेबलावर येत. प्रत्येकाला मध्ये भोक. माझ्या हातात गेज. गेज म्हणजे पोलादाची गुळगुळीत दांडी. तिचं एक टोक भोकात सरळ गेलं पाहिजे, दुसरं टोक जाता कामा नये. पहिल्याला आम्ही गो म्हणत असू, दुसऱ्याला नो-गो. गेलं पाहिजे ते गेलं नाही, की नग बाद. बाजूला लाल रंगाचा डबा असे. ब्रश बुडवायचा, नगावर पट्टी ओढायची, टोपलीत फेकायचा. झालं. त्या नगाचं कुणी ऐकून घेत नाही.

मला त्या पट्टीची नशा चढली होती. चौथी शिकलेला माणूस, पण मी ओढलेली पट्टी मोठा साहेबही पुसू शकत नाही, असं मी पानाच्या ठेल्यावर सांगायचो. हळूहळू मी सगळ्याच गोष्टींना गो आणि नो-गो म्हणायला लागलो. भाजी नो-गो. शेजाऱ्याचा जावई नो-गो. लोक हसायचे, मला बरं वाटायचं.

शांता हसायची नाही. तिचं वेगळंच चालू होतं. दुपारी क्वार्टरांतल्या पाच-सहा पोरी आमच्या अंगणात जमत. मराठी दोन, बाकीच्या हिंदी बोलणाऱ्या. शांता मध्ये सूप घेऊन बसे, पोरी गोल, आणि मटार सोलणं चाले. शांताच्या अंगणात दोन कायदे. पहिला, कोण कशी दिसते हे इथं बोलायचं नाही. ना वाईट, ना चांगलं. एखादी बाई म्हणाली, "अय्या, हिचे डोळे किती सुंदर," तरी शांता म्हणायची, "ते घरी जाऊन बोला ताई." बाया नाक मुरडायच्या. दुसरा कायदा असा की सूप भरलं की प्रत्येकीनं सांगायचं, आज तिला काय जमलं. लहान असो, मोठं असो. पण स्वतःच्या हातानं किंवा स्वतःच्या डोक्यानं केलेलं पाहिजे. बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही.

एक म्हणायची, "काकी, आज मैंने अकेले आटा गूँधा." दुसरी म्हणायची, "चुकलेलं गणित मी परत करून पाहिलं, आलं." एक सात वर्षांची चिमणी होती, तिनं खूप विचार करून सांगितलं, "काकी, आज मैंने भैया को मारा नहीं." पोरी लोळून हसल्या. शांता नाही हसली. म्हणाली, "हे तर सगळ्यांत कठीण. शाबास."

मी खाटेवर पडून हे ऐकायचो आणि म्हणायचो, "यानं काय पोरी कलेक्टर होणार आहेत?"

शांता म्हणायची, "कलेक्टर नको व्हायला. कुणी हनुवटी धरली तर हात झटकता आला पाहिजे, इतकं झालं तरी पुष्कळ आहे."

कुंदा तेव्हा बारा-तेरा वर्षांची. माझ्यासारखी काळी. हो, माझ्यासारखीच. आरशात मी स्वतःला कधी नो-गो म्हटलं नाही, ही गंमत आहे. पोरगी घुमी होती पण आवाज खणखणीत. शाळेच्या बाईंनी तो आवाज हेरला. लढाईमुळे दर मोहल्ल्यात सभा होत होत्या, सायरन वाजला तर काय करायचं ते लोकांना समजावायला. आमच्या क्वार्टरांच्या मैदानावर सोमवारी सभा होती आणि बाईंनी सांगितलं, बायकांपुढे कुंदा बोलेल. कागद न पाहता.

आठवडाभर पोरगी पाठ करून राहिली होती. मोरीत भांडी घासताना, शेंगा सोलताना, ओठ हलतच. शांताच्या अंगणात तिनं सांगितलं, "आज मला अर्धं पाठ झालं." दोन दिवसांनी म्हणाली, "आज सगळं झालं." आणि असं म्हणताना तिनं मान वर केली होती. तेवढं मला आठवते. एरवी तिची मान खालीच असायची.

रविवार आला. त्या दिवशी कारखान्यातून आम्हाला लवकर सोडलं, कारण क्वार्टरांत आगीच्या बादल्या रंगवायच्या होत्या. प्रत्येक ओळीत वाळूच्या बादल्या टांगायच्या, लाल रंगाच्या. मी अंगणात बसून बादली रंगवत होतो. आक्का आली होती. शेजारची एक बाई होती. पोरी गोल बसल्या होत्या. ऊन छान होतं, मटाराचा गोडसर कच्चा वास होता, त्यात माझ्या रंगाचा वास. चाळिशीतल्या माणसाला जितकं सुख असावं तितकं सगळं त्या अंगणात होतं. म्हणून जास्त घाण वाटते.

शेजारणीनं आक्काला सांगितलं, "उद्या तुमची भाची बोलणार आहे बरं का, सगळ्यांपुढे."

आक्कानं कुंदाला हाक मारली. हनुवटी धरली. उजेडाकडे फिरवलं. मग ओठ मुडपून म्हणाली, "वसंता, ही बोलणार? अरे हिला ब्लॅकआउटमध्ये बोलायला लाव. आवाज येईल, दिसणार तर कुणाला नाही."

शेजारीण फिसकन हसली. मीही हसलो. इथवर थांबलो असतो तर आज इतकंच म्हणालो असतो की मी भित्रा होतो, बहिणीपुढे बोललो नाही. पण मला आणखी हसवायचं होतं. माझ्या हातात ब्रश होता.

मी कुंदाचा हात धरला. म्हणालो, "थांब आक्का, रीतसर इन्स्पेक्शन होऊन जाऊ दे." आणि तिला उन्हात गोल फिरवून, टेबलावर नग फिरवतो तसं, म्हणालो, "रंग? नो-गो. नाक? नो-गो. चलो, नग बाद!" आणि कोपरापासून मनगटापर्यंत ओली लाल पट्टी ओढली.

आक्काला ठसका लागला हसून. शेजारणीनं तोंडाला पदर लावला. पोरी हसल्या नाहीत. शेंगा फुटायचा आवाज बंद झाला. शांताच्या हातात एक शेंग अर्धी उघडलेली होती, ती तशीच राहिली.

कुंदा रडली नाही. तिनं त्या पट्टीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. ती असं पाहत होती की जसं काही मला सगळं माहीतच असणार, मी तर तपासणीतला माणूस, मी म्हणतो म्हणजे खरंच असेल. मग ती आत गेली.

थोड्या वेळानं मोरीतून घासल्याचा आवाज आला. घासलेटात काथ्या बुडवून ती हात घासत होती. रंग निघाला. कातडंही निघालं.

सोमवारी ती सभेला गेली नाही. पोटात दुखते म्हणाली. दुसरी एक पोरगी कागद पाहून वाचून गेली. मंगळवारी कारखान्यात आमच्या तपासणीवरचे चार्जमन पटेल भैया मला म्हणाले, "वसंत बाबू, बिटिया आई नहीं कल? मेरी घरवाली तो उसी को सुनने गई थी. कह रही थी, मंदिर में भजन बोलती है तो पूरा मोहल्ला सुनता है."

मी म्हणालो, "तबियत ठीक नहीं थी." खोटं बोलायची तेव्हा सवयच होती. पुढचं ऐकाल तर कळेल.

त्या सकाळी पटेल भैया माझ्या टेबलाशी आले ते बाद नगांची टोपली पाहून. टोपली भरून वर येऊन राहिली होती. शनिवारपासून मी बाद, बाद, बाद करत सुटलो होतो. मशीनवाल्यांना शिव्या खाव्या लागत होत्या. पटेल भैयांनी माझ्या हातातून गेज घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि टोकाच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडलं.

"यह क्या है?"

मी दुसरा नग उचलून पाहू लागलो.

"गिरा था क्या?"

पडलं होतं. शनिवारी सकाळी थंडीनं बोटं आखडलेली, हातातून सुटून फरशीवर पडलं. नियम असा की गेज पडलं तर लगेच सांगायचं, ते तपासायला जाते, तोवर काम बंद. मी सांगितलं नाही. उचललं, शर्टाला पुसलं आणि पुढे चालू. कडेला केसाएवढा कोच पडून धातू वर उठला होता. त्या कोचामुळे ते चांगल्या भोकातही जात नव्हतं. मशीनवाल्यांचा माल ठीक होता. माझ्या हातातली दांडीच बिघडलेली होती, आणि मी तीन दिवस छाती काढून लाल पट्ट्या ओढत बसलो होतो.

"नहीं मालूम," मी म्हणालो.

पटेल भैयांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना मालूम होतं. साहेबाला त्यांनी काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही, माझी नोकरी राहिली. पण शिक्षा दिली. चांगलं गेज आणून दिलं आणि म्हणाले, "अब बैठो. एक-एक को फिर से देखो. और जो ठीक निकले, उसकी पट्टी अपने हाथ से छुड़ाओ."

दोन दिवस मी घासलेटाचा बोळा घेऊन पितळ घासत होतो. पट्टी ओढायला एक पळ लागतो. काढायला किती लागतो ते तेव्हा कळलं. कडेच्या खाचेत लाल राहूनच जाते. नखानं कोरावं लागते. हातांना घासलेटाचा वास. घरी आलो तर मोरीत तोच वास. कुंदाच्या हाताला शांता खोबरेल लावत होती.

मी शांताला सगळं सांगितलं. कारखान्याचं. कुठेतरी बोलायला पाहिजे होतं. तिनं ऐकून घेतलं, मग विचारलं, "म्हणजे नग चांगले होते?"

"चांगलेच होते."

"खोट तुमच्या हातातल्या दांडीत होती?"

"हो बाबा."

"मग ज्यांची पट्टी पुसली ते नग गेले ना पुढे कामाला?"

"गेले."

शांतानं तेलाची वाटी खाली ठेवली. "मग घरच्या नगाची कोण पुसणार? मी तेल लावते, पण पट्टी मी ओढली नाही. ज्यानं ओढली त्यानं म्हणायला पाहिजे की गेज माझं खराब होतं. तिला म्हणा. आजच म्हणा."

मी भडकलो. "बापानं पोरीपुढे हात जोडायचे काय आता? गंमत केली, विसरून जाईल."

"विसरणार नाही," शांता म्हणाली. "आणि मीही विसरणार नाही."

बस. भांडण नाही, आदळआपट नाही. त्यानंतर लढाई संपली, काचांवरचे कागद निघाले, घरात उजेड आला. कारखान्यात मिठाई वाटली. मी पेढा खाल्ला आणि मला दाताखाली अळी आल्यासारखं झालं. तरी पोरीला बोललो नाही.

शांतानं मात्र तिचं सोडलं नाही. रोज सूप भरायचं, रोज विचारणा. कुंदाचा नंबर आला की कुंदा म्हणायची, "काही नाही." शांता म्हणायची, "बरं. उद्या विचारते." दुसऱ्या दिवशी "काही नाही." "बरं. उद्या विचारते." तिच्या आवाजात कधी वैताग आला नाही. मला खाटेवर पडल्या पडल्या वैताग यायचा. असं किती दिवस चाललं देव जाणे. मटार सरत आला, शेंगा पिवळ्या पडल्या, दाणे निबर झाले. आणि एक दिवस कुंदा म्हणाली, "आत्यानं उटण्याचा डबा पाठवला होता, गोरं व्हायचा. मी मोरीत ओतला."

पोरी टाळ्या वाजवायला लागल्या. शांता म्हणाली, "डबा तरी ठेवला की नाही? डबा चांगला होता." आणि मग जी हसली! कुंदाही हसली. मी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. त्या हसण्यात मला जागा नव्हती.

लोक विचारतील, मग बिघडलं काय? पोरगी शिकली, मास्तरीण झाली, अधारतालच्या शाळेत गणित शिकवते, चांगल्या घरी पडली. तिच्या वर्गातही शांताचा कायदा चालतो, दिसण्याबद्दल बोलायचं नाही. हो, झालं सगळं चांगलं. पण ते शांतानं केलं, इतकी वर्षं रोज थोडं थोडं करून. आणि कुंदा आजही पूर्ण बाह्यांचं ब्लाउज घालते. जबलपूरच्या मे महिन्यात, जेव्हा कुत्री नालीत बसतात, तेव्हाही. कोपरापासून मनगटापर्यंत झाकलेलं. हातावर काही नाही, मला माहीत आहे. काहीच नाही. ती कशाला झाकते ते फक्त तीन माणसांना माहीत होतं. त्यातलं एक आता गेलं.

आश्विनात शांता दवाखान्यात होती. बोलणं तुटक झालं होतं. मला वाटलं पाणी मागते. वाकलो तर म्हणाली, "कुंदाला बोललात का?" मी म्हटलं, "बोलतो." तिनं डोळे मिटले. माझ्या "बोलतो"वर तिचा किती विश्वास होता ते मला ठाऊक आहे.

तर गेल्या रविवारी मी थुंकून परत आलो. कुंदा सूप घेऊन बसली होती, शांताच्याच जागेवर. जुई समोर, तोंडावर चुना. मीही बसलो. जन्मात पहिल्यांदा मटार सोलायला बसलो. बोटं जाड, शेंगा धड फुटेनात. दोन शेंगांत दोन अळ्या निघाल्या. जुई ईऽऽ करून मागे सरकली. मी अळी बोटानं उचलून फेकली.

सूप भरलं. मग जुईच म्हणाली, "आजी असती तर आता विचारलं असतं."

"तू विचार," कुंदा म्हणाली.

जुईनं आजीचा आवाज काढला, "हं, नाना, बोला. आज काय जमलं?"

मला वाटलं सांगावं, शेंगा सोलल्या. सोपं होतं. ओठांवर आलं होतं. पण त्या पोरीच्या तोंडावरचा तो पांढरा थर मधून मधून सुकून तडकला होता आणि खालचा तिचा रंग दिसत होता. माझाच रंग.

मी म्हणालो, "कुंदा, त्या लढाईच्या वर्षी माझं गेज पडलं होतं. कोच होता त्याला. नग चांगले होते, मी बाद केले. कारखान्यातले पुसले. घरचा राहिला. गेज माझं खराब होतं पोरी. तू नाही."

जुईला काही कळलं नाही. ती एकदा आईकडे पाहे, एकदा माझ्याकडे. कुंदाच्या हातात शेंग होती. ती तिनं पूर्ण सोलली, एक एक दाणा काढला, टरफल बाजूला ठेवलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "आईनं तेव्हाच सांगितलं होतं." मग म्हणाली, "पण आईपुढे बोलायचं होतं ना नाना. ती वाट पाहून राहिली होती. माझ्यापेक्षा जास्त तीच."

ती म्हणाली ते बरोबर होतं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, मी मागितलंही नाही. कुंदानं टरफलं गोळा केली. रस्त्यावरून मटारवाला ओरडत गेला.

जुईला गप्प बसवत नाही. "बरं, नानांचं झालं. आई, आता तू. आज काय जमलं?"

"आजचं काही नाही," कुंदा म्हणाली. मग तिनं मान वर केली. "पण जुनं एक आहे. पाठ केलेलं. पाहू, जमते का."

ती उभी राहिली. पदर खोचला. मास्तरीण आहे, तिला उभं राहून बोलायची सवय आहे, पण ही ती उभी राहायची पद्धत नव्हती. दोन्ही हात अंगाशी सरळ, पाय जुळलेले, शाळेतल्या पोरीसारखी. आणि त्या खणखणीत आवाजात, जो मी कधी नीट ऐकलाच नाही, तिनं सुरू केलं.

"माताओं और बहनों. सायरन बजे तो घबराना नहीं. पहले चूल्हा बुझाइए. फिर बच्चों को गिनिए, एक भी छूटे नहीं. दौड़ना नहीं है, चिल्लाना नहीं है..."

एक शब्द अडला नाही. तीस वर्षं झाली. शेजारची बाई गच्चीवर कपडे वाळत घालत होती, ती थांबून ऐकायला लागली. जुईचं तोंड उघडंच राहिलं. बोलता बोलता कुंदाचे हात वर व्हायला लागले, दाखवायला, आणि बाह्या मनगटावरून मागे सरकल्या.

"...जो जहाँ है, वहीं पेट के बल लेट जाए, और दोनों हाथों से कान बंद कर ले. ऐसे."

जुईनं हसत हसत खटकन कान झाकले.

मी नाही झाकले.